बालक-पालक आपल्या गावचा करून कसा बघायचा

टीव्हीवर येता-जाता तुकड्या-तुकड्यात बघितला असंल तर तो बघितला असं धरू नका, एकदा नीट बसून बघा. 2013 चा रवी जाधवचा पिक्चर, वयात येणाऱ्या लेकरांच्या सेक्सबद्दलच्या प्रश्नांवरचा, निर्मात्यांमध्ये आपल्या लातूरचा रितेश देशमुख, पण गोष्ट सगळी मुंबईच्या चाळीतली, म्हणून आपल्याकडची पोरं म्हणतात हे काय आपलं नाही. चाळ सोडून द्या ओ. ज्योतीताई अचानक चाळ सोडून जाते, मोठी माणसं कुजबुजतात आणि लेकरांना सरळ कुणीच सांगत नाही, तिथं लक्ष द्या.

अव्या, भाग्या, चिऊ, डॉली ही पिक्चरमधली चार लेकरं, यांच्यात मी कोण हे नंतर बघू. आधी हे आठवा की असलं काही विचारल्यावर तुमच्या घरात काय उत्तर मिळायचं. आमच्याकडं माय चुलीपासून लांब बसली की ‘कावळा शिवला’ एवढंच सांगायचे, लेकरू बिचारं अंगणात जाऊन कावळा बघायचं. तुमच्या घरचा कावळा सापडला की पिक्चर निम्मा तुमचा झाला.

मंग विशू येतो, लेकरांना असली माहिती पुरवणारा. त्यांच्या वेळी व्हीसीआर, आपल्याकडं मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देणारा, गाण्यांसोबत काय काय भरून द्यायचा ते सगळ्यांना माहितीय.

लातूरला ट्युशनसाठी रूम करून राहिलेल्यांनी तर हा पिक्चर बघाच, म्हणजे उदगीर, अंबाजोगाईहून सोळाव्या वर्षी आलेली पोरं, मेसचा डबा, नीटच्या परीक्षेसाठी रिप्रोडक्शनचा चॅप्टर ओळ न ओळ पाठ आणि स्वतःच्या अंगाबद्दल विचारायला मात्र रूम पार्टनर सोडून कुणी नाही. मला याचं लई वाईट वाटतं, अजूनबी तसंच चालू आहे.

आधी एकट्यानं बघा, नाहीतर शाळेतल्या मित्रासोबत. मग घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या लेकरासोबत. अवघडल्यासारखं झालं तरी रिमोट हातात घ्यायचा नाही, पाणी प्यायला उठायचं नाही, लेकरांना लगेच कळतं. संपल्यावर ‘काय समजलं?’ असं मास्तरासारखं विचारू नका, आपला कावळ्याचा किस्सा सांगा आणि गप बसा. त्या दिवशी नाही विचारलं तर चार दिवसांनी गाडीवर मागं बसून विचारंल, तोंड दिसत नसतं म्हणून. तवा गाडी हळू चालवा, ‘घरी गेल्यावर सांगतो’ म्हणू नका, आणि जेवढं विचारलं तेवढं सरळ सांगा.