एक म्हातारी, एक भोपळा आणि चार दिवस

दर शनिवारी दुपारी आमच्या सोप्यात गल्लीतली पाच-सहा पोरं जमतात, साडेतीन ते सहा वर्षांची, आणि त्यांच्या आया मला एकच विचारतात की तुम्ही शिकवता तरी काय, पोरगं घरी येतंय ते हाताला खळ फासून आणि वहीत एक अक्षर नाही. तर सांगतो (कोल्हापूरची बाई आहे, सांगतोच म्हणणार).

पहिलं म्हणजे आठवडाभर गोष्ट एकच घ्यायची. रोज नवीन पुस्तक नको, पोरांना तीच गोष्ट दहा वेळा ऐकायला आवडतं, कंटाळा आपल्याला येतो. आम्ही सुरुवात भोपळ्यातल्या म्हातारीनं केली, कारण ती सगळ्यांच्या आजीला येते. पुस्तकातनं वाचायची असेल तर ओळीखालनं बोट फिरवत वाचा, आणि वाघ आला की थांबा, पान उलटू नका, विचारा, "आता म्हातारी काय म्हणेल?" मग गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड आहे, आपल्याला उत्तर सांगायची घाई असते. आमच्याकडं एक चार वर्षांची पोरगी उठली आणि म्हणाली, वाघ नाही, गवा आला, आणि म्हातारी रंकाळा स्टँडवरनं गगनबावड्याच्या एसटीत बसून पळाली. बरोबरच की, राधानगरी-दाजीपूरचं जंगल इथनं जवळ, पोरांनी वाघ कुठं बघितलाय. तेव्हापासनं आमच्या गोष्टीत गवाच आहे.

गोष्ट दोन-तीनदा झाली की भोपळा करायला घ्यायचा. विकतचं क्राफ्ट किट आणू नका, त्यात सगळं आधीच कापलेलं असतं, पोरानं नुसतं चिकटवायचं, मग शिकणार काय? ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला बालवाडी काढली, तिथं त्यांनी आणि अनुताई वाघांनी पानं, बिया, शिंपले असल्या आसपासच्या वस्तूंचीच साधनं केली. आपल्याला तर रद्दी आणि एक फुगा बास.

खळ अशी करा: १ वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न होता कालवा, ४ वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात सोडा, बारीक गॅसवर हलवत रहा, जरा पारदर्शक दिसायला लागली की उतरवा आणि पूर्ण गार झाल्यावरच पोरांपुढं ठेवा. जुन्या पद्धतीनं किडीसाठी मोरचूद घालतात, ते अजिबात नको, विषारी असतं आणि पोरांची बोटं तोंडात जाणारच. उरलेली खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, आंबूस वास आला की टाका.

पेपरच्या पट्ट्या पोरांनाच फाडू द्या, कात्री नको. त्या फाडण्यातच बोटांना ताकद येते, पेन्सिल धरायला तीच लागते, आणि हे आयांना पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पट्टी खळीत बुडवायची, दोन बोटांनी निथळायची, फुग्यावर आडवी-उभी लावायची. तीन थर, एक थर वाळल्यावर दुसरा, म्हणजे ऊन असलं तर तीन-चार दिवस जातात आणि पावसाळ्यात तर काही खरं नाही, तेव्हा हा उद्योग दिवाळीनंतर करा. थर मोजत जायचे, "आज कितवा?" झालं गणित. शेवटी फुगा टाचणीनं फोडायचा आणि रबराचा तुकडा न् तुकडा आपण स्वतः उचलायचा, लहान पोराच्या घशात अडकला तर जीवावर बेततं.

बारीक वस्तूंचं पण तेच. पहिल्या वर्षी भोपळ्याच्या डोळ्यांसाठी मी वाटाणे दिले आणि एकानं तो नाकात घातला, रिक्षा काढून दवाखाना गाठावा लागला, त्याच्या आईला तोंड दाखवायची चोरी झाली. आता मी पोरांच्या हाताला बिया देतच नाही, डोळे खडूनं काढतो.

पोराचा भोपळा वेडावाकडा झाला तर होऊ द्या. हात लावून नीट करायला जाऊ नका, पोराला लगेच कळतंय. भोपळा रंगवून रंग वाळला की तुटक्या चमच्याला चिंधी गुंडाळून म्हातारी करा, भोपळ्याला भोक पाडून आत बसवा आणि पोराला सांगा, आता तू सांग गोष्ट. आत, बाहेर, आधी, नंतर हे सगळे शब्द तिथं आपोआप येतात. जरा मोठी असतील तर जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर गोष्टीची चार चित्रं काढायला लावा आणि कार्डं पिसून परत ओळीनं मांडायला द्या, पत्रिकेला कागद जाड असतो, टिकतो.

पुस्तकांना खर्च फार नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट उतरवून प्रिंट काढता येतात, पोराच्या हातात मोबाईल देऊन वाचू नका, लगेच कार्टून लाव म्हणतंय. ज्योत्स्ना प्रकाशनची चित्रांची पुस्तकं हाताळायला चांगली. आणि करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं गावात आहे, पोराला घेऊन एकदा चक्कर मारा.

पुढच्या वेळी माती. आषाढात बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन किलोभर माती मागून आणायची आणि बैल करायचे, गोष्ट पोरंच सांगतील. गेल्या वर्षीचा पाच पायांचा बैल अजून आमच्या टीव्हीजवळ उभा आहे, पाचवा पाय कशाला विचारलं तर म्हणे दमला की टेकायला.