शनिवारच्या ‘ओळखा पाहू’आधी

आमच्या शाळेच्या ग्रुपमधली सहा टाळकी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर जमतात. एकाने मनात एक काल्पनिक पात्र धरायचं, बाकीच्यांनी हो-नाहीचे वीस प्रश्न विचारून ते पकडायचं. खेळ पोराटोरांचा, भांडणं मात्र चाळिशीतल्या माणसांची. ही भांडणं बहुतेक वेळा प्रश्न विचारणाऱ्यांमुळे होत नाहीत, उत्तर देणाऱ्याची तयारी कच्ची असते म्हणून होतात. तेव्हा शनिवारी तुमचा ग्रुप पहिल्यांदा बसणार असेल, तर शुक्रवारीच पुढच्या गोष्टी उरकून ठेवा.

सगळ्यात आधी वेळ. नुसतं ‘रात्री साडेआठ’ लिहू नका, प्रत्येकाची वेळ वेगळी लिहा. आपले साडेआठ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे ११ आणि थंडीत १०, लंडनला दुपारचे ४ किंवा ३. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, इंग्लंडची शेवटच्या. त्या मधल्या आठवड्यांत कोणीतरी चुकतंच. फुकटातल्या झूमवर ४० मिनिटांनी कॉल तुटतो, गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले तर तासाने. आमचा एक डाव दहा-बारा मिनिटं चालतो, म्हणून तीन डाव झाले की आम्हीच कॉल बंद करतो आणि चहा टाकून परत येतो.

मग पंच नेमा. तो त्या दिवशी खेळत नाही, आणि हे काम कोणालाच नको असतं, तेव्हा पाळी लावा. प्रत्येकाने आदल्या रात्री पंचाला तीन नावं खासगीत पाठवायची. पंचाने एवढंच बघायचं, की बाकीच्यांतल्या निदान तिघांना हे पात्र माहीत असेल का. डाव सुरू झाल्यावर नाव बदलता येत नाही. आमच्याकडे एकाने बाराव्या प्रश्नाला गोट्याचा चिमणराव केला होता. पंच नव्हता, त्यामुळे आजतागायत तो कबूल होत नाही.

काल्पनिक कोणाला म्हणायचं हेही लिहून ठेवा. पुराणातली आणि इतिहासातली माणसं आम्ही सरळ बाहेर ठेवली. कर्ण काल्पनिक की नाही, हा वाद एकदा शेजारच्या खोलीतून सासूबाईंनी ऐकला, तेवढं पुरे झालं. पुलंची माणसंही आम्ही घेत नाही. अंतू बर्वा खरा होता की नव्हता यावर प्रत्येक रत्नागिरीकराचं स्वतंत्र मत आहे.

आता उत्तर देणाऱ्याचा गृहपाठ. यात सर्वाधिक वेळ घाला. पात्र नुसतं आवडतं असून भागत नाही, त्याचं गाव, वय, धंदा, नातेवाईक उजळून घ्यावे लागतात. मी एकदा फास्टर फेणे धरला होता. प्रश्न आला, ‘पुण्याचा आहे का?’ मी बेधडक ‘हो’ म्हटलं. बन्या शिकतो पुण्यात, पण मूळचा फुरसुंगीचा. नाव उघड झाल्यावर तिघे माझ्यावर तुटून पडले. फुरसुंगी २०१७ मध्ये महापालिकेत घेतली होती, हा बचाव मी करून पाहिला. नंतर ती पुन्हा वगळली, हे हडपसरच्या मित्राने तितक्याच तत्परतेने सांगितलं. शिवाय कुठला फास्टर फेणे? भा. रा. भागवतांचा शाळकरी पोरगा, की २०१७ च्या सिनेमातला अमेय वाघ? ‘शाळेत जातो का’ला दोन्हीकडे वेगळं उत्तर आहे. म्हणून पंचाला नाव कळवतानाच ‘पुस्तकातला’ किंवा ‘सिनेमातला’ असं जोडा. हो-नाहीच्या जोडीला ‘अर्धवट’ हे तिसरं उत्तरही मंजूर करून घ्या. तात्या विंचूबद्दल ‘माणूस आहे का?’ असं विचारलं तर बिचाऱ्याने दुसरं काय सांगायचं?

आपल्या भाषेची एक खोडी इथे फार नडते. मराठीत क्रियापदच चुगली करतं. ‘मुंबईत राहतो का?’ या प्रश्नाला ‘हो, राहते’ असं तोंडून निसटलं की एका फटक्यात निम्मी पात्रं गळाली. अहो-जाहो केलं तर वय कळतं. त्यामुळे सगळ्यांनी ‘ते पात्र’ म्हणायचं: ते पात्र राहतं का, चिडतं का, मरतं का. पहिली पाच मिनिटं जीभ अडखळते, म्हणून एक कच्चा डाव आधी खेळा. ‘पुण्याचं नाही ना?’ असे प्रश्न तर बादच. त्याला ‘हो’ म्हटलं तर ‘हो, नाही’ की ‘हो, आहे’? त्यात आवाज अर्धा सेकंद मागे असतो. उत्तर तोंडाने द्या आणि चॅटमध्ये टाइपही करा.

विचारणाऱ्यांची तयारी त्यामानाने थोडी. प्रत्येक प्रश्न उरलेल्यांचे बरोबर दोन भाग करत गेला, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ नावांतून एक सापडतं. म्हणून नावं घेत सुटू नका, थेट नाव घेतलं तरी एक प्रश्न खर्ची पडतो असा नियम ठेवा. आधी पुस्तकातलं की पडद्यावरचं, मग मोठं की लहान, मग शहर की गाव. नटाचं नाव विचारायला आम्ही बंदी घातली आहे, कारण ‘दिलीप प्रभावळकरांनी केलंय का?’ एवढ्या एका प्रश्नात चिमणराव आणि तात्या विंचू दोघेही सापडतात. मोबाइल हाताला लागणार नाही असा ठेवा. अकिनेटर या फ्रेंच ऑनलाइन खेळातला जिन २००७ पासून हेच काम करतोय, आणि आमची उत्तरं गुपचूप त्याला पुरवणारी एक महाभाग आमच्यात निघाली. चष्म्याच्या काचेत स्क्रीन दिसली म्हणून सापडली.

चार्जर जवळ घ्या, घरच्यांना तासभर हाका मारू नका म्हणून सांगा. न वापरलेली नावं पंचाने पुढच्या महिन्याच्या पंचाकडे सोपवावीत. आमच्या यादीत सध्या अकरा शिल्लक आहेत आणि त्यांत गोट्या तीनदा आहे.