बेसिल: पान उलटं करून बघितलंत का?

ऑक्टोबर छाटणी झाली की आपला द्राक्षवाला सकाळी सकाळी बागेत पानं उलटी करत फिरतो. डाऊनी, म्हणजे पानावरचा बुरशीसारखा केवडा रोग, त्याला सांगावी लागत नाही. तोच माणूस घरी आला की गच्चीवरच्या बेसिलला (पिझ्झा-पास्त्यात घालतात ती तुळस) तिन्हीसांजेला झारीने वरून पाणी घालतो. पानं धुतली, छान दिसतात म्हणतो. आठ-दहा दिवसांनी कुंडी पिवळी पडते आणि मग फोन येतो, "काय टाकू?"

काही टाकू नका. आधी पान उलटं करा.

परतीच्या पावसानंतर नाशकात दिवसा चटका आणि रात्री दव अशी हवा असते. बेसिलच्या डाऊनीला हीच मानवते. पान सलग चार-सहा तास ओलं राहिलं की लागण होते, आणि पानाखाली रोगाची भुकटी धरते ती रात्रीच्या अंधारात, दमट हवेत. संध्याकाळी वरून पाणी घातलं की अख्खी रात्र पान ओलं राहिलं म्हणून समजा. द्राक्षाची डाऊनी बेसिलवर येत नाही, दोन्हींचे रोगकारक वेगळे. त्यामुळे शेजारच्या बागेला दोष देऊ नका.

ओळखायचं कसं? वरून पानावर पिवळे पट्टे दिसतात, पण ते शिरेपाशी थांबतात, वाफ्याला बांध घातल्यासारखे. खालून त्याच जागी राखाडी-जांभळट भुकटी असते, उदबत्तीची राख सांडावी तशी. दव सुकण्याआधी बघा, दुपारी ती फिकी पडते. पावसाने उडालेली माती आणि ही भुकटी यांत घोटाळा होतो. बोटाने पुसा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली तर डाऊनीच.

माझ्या शेडनेटमधली सगळी रोपं एका ऑक्टोबरात अशीच गेली. पानं पिवळी दिसली, दुकानात पान दाखवलं, तर समोरच्याने ते उलटंसुद्धा केलं नाही. "मायक्रोन्यूट्रिएंटची कमतरता," म्हणाला आणि बाटली काढून दिली. ती मी दोनदा फवारली, दोन्ही वेळा संध्याकाळी! म्हणजे पैसे देऊन पानं ओली ठेवली. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडतात. लोह कमी असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. दोन्हींत पानाची खालची बाजू स्वच्छ असते. एवढं बघायला बाटली लागत नाही.

द्राक्षाला १ टक्का बोर्डो हे बुरशीनाशक (१०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना) मारतात, ते ठीक. बेसिलचं पान आपण कच्चं खातो, त्यावर ते नको. डाग दिसला की चांगले शेंडे त्याच सकाळी खुडून वापरा. बाकीचं झाड उपटून पिशवीत बांधा आणि तीन-चार दिवस उन्हात ठेवा. त्या झाडाचं बी धरू नका, रोग बियातूनही येतो. अर्धं झाड वाचवायच्या नादात सगळ्या कुंड्या जातात.

नेहमीची कामं:
– बी अर्धा सेंमी खोल; उगवण ५ ते १० दिवसांत. रात्रभर भिजवू नका, सब्जासारखा गोळा होतो. (सब्जा बेसिलचाच. किराणा दुकानातलाही उगवतो, पान मात्र लहान, वास वेगळा.)
– बीजप्रक्रिया: पेरण्याआधी बियाला ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) चोळा, किलोला ५ ग्रॅम, घरी चिमूटभर. हे मर रोगासाठी, डाऊनीसाठी नाही.
– पोयटा, शेणखत, कोकोपीट. नुसती काळी माती नको.
– ऊन ६ तास. ८ इंची कुंडीत एकच रोप, वाफ्यात २५–३० सेंमी अंतर.
– मावा (रस शोषणारी बारीक कीड): ५ टक्के निंबोळी अर्क, सकाळी, मग आठवडाभर पान खुडू नका.
– पाणी सकाळी, बुडाशी. वरचा इंचभर थर सुकल्यावरच.

काढणीकडे मात्र नीट लक्ष द्या. रोप १५–२० सेंमी झालं की खालून दुसऱ्या-तिसऱ्या पानजोडीच्या वर शेंडा खुडा. तिथून दोन फुटवे निघतात. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका. मंजिरी दिसली की मोडा. अंगणातल्या तुळशीची मंजिरी देवाला, पण बेसिलची राखली तर पान बारीक आणि कडवट होतं. दाटी झाली असेल तर आतल्याही दोन फांद्या काढा. हवा खेळली की दव लवकर सुकतं, सगळा खटाटोप त्यासाठीच. खुडलेली जुडी पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेवा. फ्रिजमध्ये काळी पडते.

डिसेंबरात नाशिकजवळच्या निफाडचा उतरलेला पारा पेपरात यायला लागला की कुंड्या रात्री आत घ्या. १० अंशांच्या खाली पान काळवंडतं. हे काळं पडणं थंडीचं, त्याला औषध विकत घेऊ नका.

शेवटचं, हा माझा अंदाज आहे, कुठल्या शिफारशीत सापडणार नाही: गोदाकाठी सलग दोन पहाटे धुई (धुकं) दिसली की मी तिसऱ्या दिवशी सगळे शेंडे खुडून घेतो. डाग असो वा नसो.