जुनं गाव दोन दिवसांत समजून घ्यायचं तर

वाई, पैठण, सिन्नर, तेर, जुन्नर. अशा गावांत लोक गाडी घेऊन येतात, नावाजलेलं देऊळ बघतात, कोपऱ्यावर चहा घेतात आणि दोन तासांत पुढच्या ठिकाणाला निघतात. 'एका दिवसात सात ठिकाणं' अशा याद्या करून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या यादीनं देवळं पाहून होतात, गाव तसंच राहून जातं. एक गाव, दोन दिवस आणि मध्ये एक मुक्काम, एवढं तरी लागतंच. तेवढा वेळ नसेल तर देऊळ बघा आणि गाव पुढच्या खेपेला ठेवा.

वार आधी, तारीख नंतर

गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारून घ्या आणि आदल्या दिवशी संध्याकाळी गावात पोचा. सुट्टी बघून वार ठरवू नका. शक्यतो एसटीनं जा, म्हणजे आसपासच्या कोणत्या खेड्यांची माणसं या गावाला येतात ते गाडीतच कळतं. लॉज जुन्या पेठेजवळ मिळाला तर उत्तम. बाकी तयारी तुम्हाला ठाऊक आहेच.

सकाळी नदीकडून सुरुवात करा

स्टँडपासून चालायला सुरुवात करू नका. स्टँड, पेट्रोल पंप आणि त्यांना जोडणारा रुंद रस्ता हे सगळं मोटारी आल्यानंतरचं गाव आहे. जुनं गाव नदीच्या उताराला, घाटाला किंवा मोठ्या बारवेला (पायऱ्यांच्या विहिरीला) धरून वसलेलं असतं. तिथे उभं राहा आणि पाण्यापासून वर जाणारी सगळ्यात झिजलेली वाट धरा. ती वेशीतून किंवा वेस जिथे होती तिथून आत जाईल, पेठेत पोचवेल आणि पेठेतून वाड्यांकडे नेईल. नकाशा खिशातच राहू द्या.

वाईत हे फार चांगलं समजतं. कृष्णेवरचे घाट आणि गावातल्या आळ्या यांची जोडी आहे : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह. ढोल्या गणपतीसमोर फोटो काढून परत फिरणाऱ्याला यातलं एकही नाव कानावर पडत नाही. नदीकाठानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणाऱ्याला अर्ध्या तासात गावाची सगळी मांडणी कळते.

चालताना गावाच्या कडेला उंचवटा आणि राखाडी-पांढरट माती दिसली तर थांबा. ती पांढरी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिल्यानं तयार झालेली जागा. तेर आणि नेवासे इथल्या अशाच टेकाडांत उत्खननं झाली आणि सातवाहन काळातलं गाव हाती लागलं. पावसाळ्यानंतर तिथे खापरं उघडी पडलेली दिसतात. बघा, पण उचलू नका. जागेवरून हललेलं खापर अभ्यासकाच्या दृष्टीनं मुकं होतं, आणि 'एकच तर घेतलं' म्हणणारे शेकड्यांनी येऊन जातात.

दगड

काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक देऊळ 'हेमाडपंती' असतं असं पाट्यांवर लिहिलेलं सापडेल. त्यावर विसंबू नका. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा यादवराजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२चा आहे, म्हणजे इ. स. १०६०चा. देऊळ मंत्र्याच्या दोनशे वर्षं आधीचं. पाटीवर 'हेमाडपंती' दिसलं की वहीत 'सुका दगड, मध्ययुगीन, काळ ठरवायचा' एवढंच लिहा.

शिलालेखात शके दिसलं की ७८ मिळवा, इसवी सन मिळेल. साताऱ्याजवळ लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीचं काम शके १६४१ ते १६४६ असं सांगतात. ७८ मिळवले की १७१९ ते १७२४, म्हणजे शाहू महाराजांचा काळ. मराठेशाहीतल्या कागदांत आणि लेखांत शुहूर सन असेल तर साधारण ५९९ मिळवायचे.

देवळाबाहेर शेंदूर फासलेले दगड हमखास असतात. तीन-चार कप्पे असतील आणि खालच्या कप्प्यात लढाई किंवा गुरांचा कळप दिसत असेल तर तो वीरगळ, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड. तो खालून वर वाचायचा : झुंज, मग अप्सरांनी वीराला नेणं, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा. कुठल्या गावात वीरगळ जास्त आहेत आणि त्यांवर गुरं दिसतात की घोडे, एवढ्यावरूनही त्या मुलखाबद्दल बरंच कळतं.

विचारणं

आता अवघड भाग. मला यानंच सगळ्यात जास्त दिवस दमवलं आणि यावरच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. 'स्थानिकांशी गप्पा मारा' असं सांगून लोक मोकळे होतात. कुणाशी, कधी आणि काय विचारून, ते कुणी सांगत नाही.

'या गावाचा इतिहास काय?' हा प्रश्न कधीही विचारू नका. या प्रश्नानं समोरचा माणूस आठवणं बंद करतो आणि ऐकलेलं सांगायला लागतो. मग ठरलेली तीन उत्तरं येतात : देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, गाव काशीहून जवभर कमी पुण्याचं आहे, आणि देवळातून किल्ल्यापर्यंत भुयार आहे. भुयार तर गावोगाव असतं. जाऊन बघितलं की बहुतेक वेळा पाण्याचं टाकं, तळघर किंवा बुजलेला नाला निघतो.

माणसाला त्यानं स्वतः पाहिलेलं विचारा. 'बाबा, तुमच्या लहानपणी प्यायचं पाणी कुठून आणायचे?' या एका प्रश्नावर मी गावंच्या गावं उलगडताना पाहिली आहेत. पाण्याबरोबर आड येतात, आडाबरोबर आळ्या येतात, कोण कुठल्या आडावर भरायचं आणि कुणाला भरू दिलं जात नव्हतं तेही येतं. 'बाजार तेव्हाही इथेच भरायचा का?' हा दुसरा. 'पालखी कुठल्या वाटेनं जाते, कुठे कुठे थांबते आणि कुणाचा मान असतो?' हा तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. गाव सरकतं, रस्ते रुंद होतात, वेशी पडतात, पण पालखी सहसा आपली वाट सोडत नाही. मोकळ्या भिंतीसमोर ती उगाच थांबत असेल तर तिथे पूर्वी वेस, देऊळ किंवा मानकऱ्याचा वाडा होता का ते शोधा. वाईचा कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीनं एकेका घाटावर होतो. त्या पाळीचा क्रम कुणाकडून समजून घेतलात तर गावाच्या आळ्यांचं आपसातलं नातं कळतं.

काळ ठरवायला सन विचारू नका, खुणेची घटना विचारा. 'हे बहात्तरच्या दुष्काळाआधीचं की नंतरचं?' दुष्काळात वाटलेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या पिढीला याचं उत्तर लगेच देता येतं. सातारा-कराड भागात १९६७चा कोयनेचा भूकंप, पुण्यात १९६१चा पानशेतचा पूर, लातूर-धाराशिवकडे १९९३चा किल्लारीचा भूकंप या तशाच खुणा. मराठवाड्यात १९४८ची, निजामाचं राज्य संपल्याची, खूणही चालते, पण रझाकारांचा विषय आपण होऊन काढू नका. घरोघरी माणसं गेलेली आहेत. त्यांनी काढला तर गप्प बसून ऐका आणि वही बंद ठेवा. किल्लारीलाही हेच लागू.

वेळ दुपारी चारनंतरची. सकाळी माणसं कामात असतात आणि दुपारी झोपलेली. ओट्यावर, पारावर किंवा दुकानाच्या फळीवर बसायला जागा मिळेल तिथे बसा, उभ्याउभ्या विचारू नका. देवळात गुरव, पेठेत शिंपी, कासार किंवा सोनार, आणि शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी यांच्याकडे जा. घरात आजी असतील तर आधी त्यांच्याशी बोला. पाणी, धान्य, सण आणि माहेरचा मुलूख यांबद्दल त्यांना बाबांपेक्षा कितीतरी जास्त आठवतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आपण होऊन पुढे येणारा, हातात छापील पत्रक असलेला कार्यकर्ता टाळा. तो पत्रकच म्हणून दाखवील.

ते तुम्हाला 'कुठले?' आणि 'आडनाव काय?' विचारतील. सरळ सांगा. तुम्ही मात्र कुणाची जात विचारू नका, आडनावावरून काढायचाही प्रयत्न करू नका. आळीबद्दल विचारलंत की सांगण्यासारखं असेल ते ते स्वतः सांगतात. कॅमेरा पिशवीत असू द्या. वाड्यात बोलावलं तर चपला बाहेर, माडीवर विचारल्याशिवाय चढायचं नाही आणि देवघराचा फोटो काढायचा नाही. फोन पुढे धरून बोलणं रेकॉर्ड करणाऱ्यांना गावानं काहीच सांगितलं नाही तर त्यात गावाचा दोष नाही.

ऐकलेलं खरं किती? दोन माणसांना वेगवेगळं गाठून एकच गोष्ट विचारा. दोघांनी शब्दन्‌शब्द सारखं सांगितलं तर दोघांनी एकच पत्रक वाचलंय. तपशील वेगळे पण जागा तीच असेल, म्हणजे एक म्हणतो तिथे टांगे उभे राहायचे आणि दुसरी म्हणते तिथे माझा भाऊ टांग्याखाली सापडता सापडता वाचला, तर ती जागा पक्की धरा. आणि पांडवांची गोष्ट सांगणाऱ्या आजोबांना तारखा सांगून खोडू नका. देऊळ कुणाच्याही आठवणीपलीकडचं आहे एवढं त्या गोष्टीतून कळलं, पुरे झालं.

बाजार आणि जेवण

बाजारात सकाळी दहाच्या आत जा. भाजीच्या आधी धान्याचे ढीग बघा. कुठलं धान्य जास्त, ते खालच्या जमिनीनं आणि पावसानं ठरवलेलं असतं : सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी, नगरच्या हलक्या माळावर बाजरी, मावळात आणि कोकणात तांदूळ-नाचणी. खानदेशात ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ दिसेल. जे धान्य ढिगानं दिसतं त्याचीच भाकरी त्या दिवशी खा. 'इथलं प्रसिद्ध काय?' विचारलंत तर सगळीकडे तीच मिसळ आणि तीच थाळी समोर येते. त्याऐवजी बाजाराला आलेल्या बाईला, 'मावशी, हे घरी कशाबरोबर खाता?' असं विचारा. जुन्नर-आंबेगावकडे मासवडी आणि सोलापूरकडे शेंगाचटणी-कडक भाकरी खायचीच, पण ती बाजारकरी जेवतात त्या खानावळीत, दुपारी बाराला. दोननंतर तळ उरतो.

गॅझेटियर रात्रीच, आधी नाही

ब्रिटिश काळातल्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांच्या, म्हणजे जिल्ह्यावरच्या सरकारी माहितीग्रंथांच्या, शेवटी गाववार नोंदी असतात. नाशिकचा खंड १८८३चा, पुणे आणि सातारा १८८५चे. इंटरनेटवर ते वाचायला मिळतात. पहिल्या दिवसाची पायपीट झाल्यावर रात्री आपल्या गावाची नोंद काढा. आधी वाचलंत तर डोळे तेवढंच शोधत फिरतात. दिवसभर पाहून मग वाचलं की बाजार कधी हलला, कुठली वेस होती, किती विहिरी होत्या हे आपल्या वहीशी ताडता येतं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे पैठण-तेर या खंडांत शोधू नका. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आहे, तिथे पुरेसा वेळ ठेवा. तेरच्या मातीतून निघालेल्या वस्तू तेरमध्येच बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

वहीत तीन रकाने करा : पाहिलं, ऐकलं, वाचलं. एका रकान्यातलं दुसऱ्यात कधीही घालू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त जिथे रकाने जुळत नाहीत त्या जागांवर पुन्हा जा. निघण्याआधी गुरवाकडून जत्रेची तिथी लिहून घ्या, तारीख दरवर्षी बदलते. आणि ज्यांनी वाडा दाखवला त्यांना कबूल केलेला फोटो त्याच आठवड्यात पाठवा.