दगड कोरताय, उशाशी ठेवताय? या चुका टाळा

ओंकारेश्वर-महेश्वरहून इंदूरला परतताना पिशवीत दोन-चार गोटे येतातच. हल्ली त्यांवर ॐ किंवा नाव कोरायचं आणि उरलेले 'हीलिंग'साठी, म्हणजे दुखणं बरं व्हावं म्हणून, उशाशी ठेवायचे, असा दुहेरी छंद आपल्या मराठी घरांत दिसतो. हत्यार सगळे उचलतात, पण दगड कोणता हे आधी कुणी बघत नाही.

कोरायचं मशीन फिरतंय, पण ओरखडाही उठत नाही? नर्मदेचा तांबूस-पिवळा गुळगुळीत गोटा बहुधा गारगोटीच्या जातीचा असतो. मोहस या १ ते १० च्या मापाने त्याचा कठीणपणा ७, तर चाकूच्या पात्याचा साधारण ५.५. तिथे हिऱ्याची कणी बसवलेलं टोकच चालतं. माळव्याचा काळा बसाल्ट थोडा मऊ, पण त्यातल्या भोकांत टोक घसरतं. भोकांतले पांढरे स्फटिक कधी कॅल्साइटचे असतात, कठीणपणा फक्त ३. व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यावर अक्षर काढू नका, कड तुटेल. नवख्याने पाटीच्या दगडापासून सुरुवात करावी. टोक लवकर बोथट होत असेल तर तुम्ही जोर लावताय. वेग कमी ठेवा, हात हलका.

सगळ्यांत महागात पडते ती कोरडी घासाई. आपल्याच मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या किती कामगारांना दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला, हे जगजाहीर आहे. फुप्फुसाची ती इजा भरून येत नाही. हौसेचं काम थोडं असतं हे खरं, पण बंद खोलीत कूलर लावून दगड घासणं म्हणजे ती धूळ घरभर फिरवणं. दगड उथळ थाळीत पाण्यात ठेवा, टोक ओलं राहू द्या, एन-९५ मास्क लावा. मशीनची मोटर आणि वायर मात्र पाण्यापासून लांब. नंतर झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा.

आता हीलिंग. २००१ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी आपला प्रयोग मांडला. खरे स्फटिक धरणाऱ्यांना आणि नकली धरणाऱ्यांना सारखंच 'जाणवलं' होतं. मनाला बरं वाटत असेल तर खडा खुशाल ठेवा, बीपीची गोळी तेवढी चुकवू नका.

खडा पाण्याच्या बाटलीत टाकून ते पाणी पिणं मात्र बंद करा. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, गॅलेनात शिसं, आणि बाजारातले भडक अकीक बरेचदा रंगवलेले. 'शुद्धी'साठी मिठाच्या पाण्यात ठेवलेला सेलेनाइट झिजतो, उन्हात ठेवलेला जांभळा ॲमेथिस्ट फिका पडतो.

पाठ शेकायला बसाल्ट चांगला, फक्त नदीतला गोटा गॅसवर तापवू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. गरम पाण्यात ठेवून काढा आणि पाठीला लावण्याआधी मनगटावर टेकवून बघा.