फिलरची तयारी: क्रीम लावायच्या आधी दाबून मोजा

हातमोजे, क्लोरहेक्सिडीन, संमतीपत्र, सिरिंजच्या खोक्यावरची तारीख: यावर शब्द घालवत नाही. ही यादी एकाच गोष्टीसाठी आहे. फिलर, म्हणजे सुरकुत्या किंवा ओठ भरायला त्वचेखाली टोचतात ते जेल, धमनीत गेलं, किंवा बाहेरून तिला दाबून बसलं, तर ते पेशंट खुर्चीत असतानाच ओळखू आलं पाहिजे. आणि ओळखण्याची तयारी टोचण्याच्या अर्धा तास आधी सुरू होते. नेमकं तेच राहून जातं, म्हणून ते खाली वारंवार येईल. कंटाळा आला तरी वाचा.

बधिरतेचं क्रीम लावायच्या आधी कॅपिलरी रिफिल मोजा, म्हणजे दाबून पांढरी केलेली त्वचा पुन्हा रंगावर यायला लागणारा वेळ. आधी. लिडोकेन-प्रिलोकेनच्या क्रीमने त्वचा पांढुरकी पडते. बर्फाने पडते. अ‍ॅड्रेनालिन घातलेल्या लिडोकेनने तर हमखास पडते. हे सगळं करून झाल्यावर वरचा ओठ फिका दिसला तर तो औषधाने फिका आहे की धमनी बंद झाल्याने, हे कोण सांगणार? आधीचा आकडा कागदावर नसेल तर कोणीच नाही. मग माणूस स्वतःची समजूत घालतो की क्रीममुळे असेल, आणि त्या समजुतीत तासभर जातो.

मोजायचं असं. लिपस्टिक, फाउंडेशन, टिकली पुसून काढा. बोटाने किंवा काचेच्या स्लाइडने पाच सेकंद दाबा, जागा पांढरी पडली पाहिजे, मग एकदम सोडा आणि रंग परत यायला किती वेळ लागला ते बघा. मनातल्या मनात ‘एक, दोन’ म्हणू नका, घाईत सगळ्यांचे आकडे लहान होतात. असिस्टंटला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, त्यातून सेकंद नेमके मिळतात. जागा: दोन्ही भुवयांच्या मधे, नाकाचा शेंडा, दोन्ही नाकपुड्या, वरचा ओठ उजवा-डावा, खालचा ओठ, गाल, हनुवटी. ओठच भरायचे असले तरी नाकाचा शेंडा मोजा, कारण वरच्या ओठाच्या धमनीचं रक्त नाकाच्या मधल्या पडद्याकडे आणि शेंड्याकडेही जातं. केसपेपरवर ‘नॉर्मल’ लिहू नका, आकडा लिहा. साधारण एक ते दोन सेकंद येतात. एसी गार लावलेला असेल किंवा पेशंट सिगारेट ओढत असेल तर काहीही न टोचता तीन येतात, म्हणून तर आधी मोजायचं. फोटोही तेव्हाच, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, फ्लॅश बंद ठेवून, पांढऱ्या दिव्याखाली. पिवळ्या दिव्यात फिकेपणा दिसतच नाही. क्लिनिकची शोभा रिसेप्शनला ठेवा.

परदेशातली पुस्तकं गोऱ्या त्वचेवरचे फोटो छापतात. त्यांत फिकेपणा खडूसारखा आणि रक्त अडल्यावर त्वचेवर उमटणारी जाळी जांभळी, ठसठशीत. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तीच जाळी राखाडी, मळकट दिसते, कधी दिसतही नाही. म्हणून ओठ उलटून आतली बाजू बघा, हिरड्या बघा. तिथे रंगद्रव्य कमी असतं आणि फरक कळतो. अर्थात हिरड्यांचाही आधीचा फोटो हवाच. क्रीमच्या आधी.

पेशंटच्या इतिहासात तीन प्रश्न कोणी विसरू नये. नाकाची शस्त्रक्रिया झाली आहे का? झाली असेल तर आत व्रण असतात, धमन्या जागेवरून सरकलेल्या आणि जखडलेल्या असतात, सुईपुढे बाजूला होत नाहीत. आधी फिलर घेतलं होतं का आणि कोणतं? कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड, स्वतःची चरबी यांतलं काहीही हायलुरोनिडेजने (हायलुरोनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवणारं एन्झाइम, तोच आपला उतारा) विरघळत नाही. आणि मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी श्वास कोंडला होता का? त्या विषातही हायलुरोनिडेज असतं, तेव्हा अशा पेशंटला उतारा देतानाच अ‍ॅलर्जी उसळू शकते. हे आदल्या भेटीत विचारायचं, ऐन संकटात नव्हे.

कुठे काय धोका आहे, ते टोचण्याआधी पेन्सिलीने चेहऱ्यावर काढा. भुवयांमधला भाग, नाक, कपाळ आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, या चार जागा सगळ्यांत वाईट. २०१५ मध्ये जगभरातल्या फिलरनंतर दृष्टी गेल्याच्या ९८ केसेस एकत्र करून छापल्या गेल्या, त्यांत बहुतेक याच जागांच्या होत्या. कारण साधं आहे: डोळ्याला रक्त देणाऱ्या ऑफ्थॅल्मिक धमनीच्या फांद्या कपाळावर आणि नाकावर बाहेर येतात आणि तिथे चेहऱ्याच्या धमन्यांना मिळतात. प्लंजर जोरात दाबला की फिलरचा दाब धमनीतल्या दाबाहून वर जातो, फिलर उलट्या दिशेने सरकतं, आणि प्लंजर सोडताच रक्ताचा प्रवाह त्याला पुढे, रेटिनाच्या (डोळ्यातल्या पडद्याच्या) धमनीत ढकलतो. भुवईजवळून डोळ्यामागे खोबणीच्या टोकापर्यंतची धमनी भरायला मृतदेहांवरच्या मोजणीत सरासरी ०.०८५ मिली पुरले. म्हणजे एका जागी ०.१ मिलीपेक्षा जास्त सोडायचं नाही, यात काही भित्रेपणा नाही. भुवईच्या रेषेवर सुप्राट्रॉक्लियर धमनी मध्यरेषेपासून साधारण १.७ सेंमीवर आणि सुप्राऑर्बिटल २.७ सेंमीवर वर येते. पण हे सरासरीचे आकडे आहेत, पेशंटने ते वाचलेले नसतात. डॉप्लर (धमनीतला रक्तप्रवाह टिपणारं यंत्र) असेल तर लावा. हनुवटी भरणार असाल तर जीभ आणि तिच्याखालचा भागही आधी बघून ठेवा.

टोचताना. सुईऐवजी बोथट टोकाची नळी, म्हणजे कॅन्युला, २५ गेज किंवा त्याहून जाड (गेजचा आकडा लहान तितकी नळी जाड). २७ गेजची कॅन्युला सुईसारखीच धमनीत घुसते. २०२१ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या एका मोठ्या पाहणीत सुईने ६,४१० सिरिंजमागे एक आणि कॅन्युलाने ४०,८८२ सिरिंजमागे एक असं धमनी बंद पडण्याचं प्रमाण निघालं. कमी आहे, शून्य नाही. प्लंजर मागे ओढून रक्त आलं तर सुई काढाच. रक्त आलं नाही तर मात्र त्यावर विसंबू नका: सुईत जेल भरलेलं असतं, भोक बारीक असतं, टोक धमनीच्या भिंतीला टेकलेलं असू शकतं. हळू भरा, टोक हलतं ठेवा. बाजारात सुईविना दाबाने फिलर मारणारे पेन मिळतात. त्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२१ मध्येच इशारा दिला आहे. त्यात खोली तुमच्या हातात नसते. विषय संपला.

दुखलं नाही म्हणजे ठीक, हा सगळ्यांत महाग गैरसमज. बहुतेक फिलरमध्ये ०.३ टक्के लिडोकेन असतं, वर तुमचं क्रीम. धमनी बंद पडूनही पेशंट हसत बोलत बसतो. म्हणून दर जागेनंतर, आणि बर्फ लावायच्या आधी, पुन्हा दाबून मोजा आणि क्रीमच्या आधीच्या आकड्याशी ताडून बघा. आधी दीड होते, आता चार झाले? थांबा. सिरिंज खाली ठेवा. ‘दुसरी बाजू सारखी करून घेऊ’ नाही.

काय दिसेल ते क्रमाने. पहिल्या काही सेकंदांत-मिनिटांत फिकेपणा, आणि तो टोचल्या जागेपुरता नसतो, धमनीच्या वाटेने पसरतो: घडीत टोचलंत आणि नाकपुडी पांढरी पडली, ओठात टोचलंत आणि नाकाचा शेंडा गार लागला. फिकेपणा काही वेळा क्षणभरच टिकतो आणि तुम्ही सिरिंजकडे बघत असताना निघून जातो. मग मिनिटांपासून काही तासांत जाळीदार निळसर डाग. लोक याला काळंनिळं पडणं समजून घरी पाठवतात. फरक हा: साकळलेलं रक्त दाबल्यावर फिकं होत नाही, जाळी दाबल्यावर पुसते आणि हळू परत येते. साकळणं टोचल्या जागी गोळा होतं, जाळी दूरवर नकाशासारखी पसरते. रंग झटकन परत येतोय पण भाग जांभळट, सुजलेला आणि ठणकतोय, तर धमनी नव्हे, शीर (व्हेन) दाबली गेल्याची शंका घ्या. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास बारीक पिवळे फोड येतात. तेव्हा ‘नागीण दिसते’ म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिर लिहिलं की उरलेली वेळही गेली.

आता फ्रिज. हायलुरोनिडेजची एक बाटली म्हणजे तयारी नव्हे. सध्या वापरतात तो हिशेब असा: ओठ एक भाग, नाक एक, कपाळ एक. एका भागाला तासाला सुमारे ५०० युनिट, दोन भागांना १०००, तीन भागांना १५००, आणि रिफिल आधीच्या आकड्यावर येईपर्यंत दर तासाला पुन्हा. आता गुणाकार करा: ओठ आणि नाक, तीन फेऱ्या, ३००० युनिट. म्हणजे १५०० च्या दोन बाटल्या फक्त एवढ्यालाच. निदान चार ठेवा, आणि एक्स्पायरी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बघा. रात्री आठला मेडिकलमध्ये ती मिळेल या भरवशावर राहू नका. १५०० ची बाटली ३ मिली सलाइनमध्ये विरघळवली की १ मिलीला ५०० पडतात, ऐनवेळी डोकं चालवावं लागत नाही. हे बाटलीला चिकटवून ठेवा. औषध टोचल्या जागीच नाही, फिकट आणि जाळीदार दिसणाऱ्या सगळ्या भागात भरायचं, भरपूर, आणि नंतर चोळायचं. जेलला सगळीकडून औषधात बुडवणं हा हेतू आहे, धमनी शोधून तिच्यात टोचणं नाही. अर्ध्या तासाची अ‍ॅलर्जी टेस्ट या प्रसंगी नसते. त्याऐवजी अ‍ॅड्रेनालिन भरून शेजारी ठेवा, १ मिलीला १ मिलिग्रॅमचं, मोठ्या माणसाला ०.५ मिली मांडीच्या स्नायूत. कोमट शेक द्या, बर्फ नाही. अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, चालत असेल तर: ७५ च्या चार गोळ्या चावून. नायट्रोग्लिसरीनच्या मलमावर वाद आहे, त्याच्या मागे लागून हायलुरोनिडेज लांबवू नका.

आणि हे सगळं पुरेसं झालं की नाही, हे कशावरून ठरवणार? रिफिल आधीच्या आकड्यावर आला का, यावरून. आधीचा आकडा नसेल तर कुठे थांबायचं हेही कळत नाही. क्रीमच्या आधी. एवढंच.

डोळा वेगळा. खुर्चीत बसल्याबरोबर प्रत्येक डोळा आळीपाळीने झाकून बारीक अक्षर वाचून घ्या; हेही आधीच. टोचताना किंवा लगेच नंतर डोळ्यात कळ, अचानक अंधार, पापणी पडणं, दोन दोन दिसणं, डोकं ठणकणं, उलटी, यांतलं काहीही झालं तर घड्याळ सुरू. रेटिनाला ६० ते ९० मिनिटं धरतात, प्रत्यक्षात कमीच समजा. यावर खात्रीचा उपाय कोणाकडेच नाही, तेव्हा क्लिनिकमध्ये प्रयोग करत बसू नका. रेटिनाच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर हवा, त्यांना आधीच भेटून ‘असा फोन आला तर’ हे बोलून ठेवलेलं हवं, आणि संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये तिथे पोचायला किती लागतात ते एकदा जाऊन मोजलेलं हवं. फोन करून निघा, पोचून फोन नाही. कोणतं फिलर, किती, कुठे, किती वाजता, हे कागदावर लिहून पेशंटसोबत द्या. वाटेत डोळ्यातला दाब उतरवायला टिमोलॉलचे थेंब किंवा अ‍ॅसिटाझोलामाइड द्यायचं का, ते त्यांना फोनवर विचारा. हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर नुसतं डोळ्यांचं हॉस्पिटल नको. मेंदूचा एमआरआय आणि स्ट्रोकची टीम आहे तिथे न्या.

घरी सोडताना: पंधरा-वीस मिनिटं बसवून पुन्हा मोजा, मगच मेकअप. रात्री उचलला जाईल असा नंबर द्या, रिसेप्शनचा नाही. दोन तासांनी, झोपताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो मागवा, पांढऱ्या दिव्यात, फिल्टरशिवाय. वाढतं दुखणं, जाळी, गार भाग यांपैकी काही असेल तर फोटोवर बोलत बसू नका, बोलवा. उशीर झाला असला तरी हायलुरोनिडेज द्या. फोड, खपली आल्यास रोज ड्रेसिंग, खपली ओरबाडायची नाही, प्लास्टिक सर्जनला लवकर दाखवा. फोटो रोज. व्रणावर लेझर वगैरे नंतर, महिन्यांनी.