मंडळी गेटबाहेर न्यायची आहे? मग या चुका टाळा

मागच्या चार रविवारी चर्चमध्ये वाचलेल्या सूचना एका कागदावर लिहून काढा. महिला मंडळाची सहल, तरुण संघाची सभा, छपराच्या दुरुस्तीची वर्गणी, कॉटेज प्रार्थना कुणाच्या घरी. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, रजिस्टरात नाव नसलेल्या माणसासाठी त्यात एक तरी सूचना होती का? पुण्यातल्या आमच्या मंडळीत आम्ही हा हिशेब मांडला, तेव्हा उत्तर शून्य आलं. मी तेव्हा पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर होतो. त्या शून्याचं मला फार वाईट वाटलं, आणि कामाची सुरुवातही तिथूनच झाली.

शेजाऱ्याला काय हवं, हे कमिटीतच ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आमच्या चर्चमागे वस्ती आहे. तिथल्या मुलांसाठी शिकवणी काढायचं ठरलं. फळा आला, वह्या आल्या, तीन शिक्षिका तयार झाल्या. वेळ ठेवली संध्याकाळी पाचची, कारण शिक्षिकांना ती सोयीची होती. पहिल्या आठवड्यात चौदा मुलं आली, महिनाभरात चार उरली. कमिटीत कुणीतरी म्हणालं, "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही." तुमच्या सभेत हे वाक्य ऐकू आलं, तर तिथेच थांबा. चूक बहुतेक वेळा आपली असते.

आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका वस्तीत जाऊन बसू लागल्या. रोज तासभर, हातात पत्रक नाही, बरोबर फोटो काढणारा नाही. पंधरा दिवसांत सगळा उलगडा झाला. पाचला नळाला पाणी येतं. आया धुणीभांडी उरकून सातला परततात, तोवर धाकटी भावंडं मोठ्यांच्या कडेवर. आणि शिकवणीच्या आधी त्या आयांना हवं होतं ते आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या 25 टक्के जागांचा ऑनलाइन अर्ज नीट भरून देणारं माणूस. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, भाड्याच्या खोलीचा नोंदणीकृत करार, यातलं एखादं कमी पडलं की सोडतीत नंबर लागूनही प्रवेश हातचा जातो. आमच्या बाकांवर पोस्टातून, शाळांतून, सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेली माणसं वर्षानुवर्षं बसत होती. अशा कागदांत त्यांची हयात गेलेली. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं! शिकवणी साडेसातला नेली आणि शनिवारी गेटबाहेर अर्जांचं टेबल मांडलं.

म्हणून पहिले तीन महिने कुठलाही उपक्रम जाहीर करू नका. अंगणवाडी सेविका, रिक्षा स्टँडवरची माणसं, पालिकेच्या शाळेचे मुख्याध्यापक यांना भेटा. चांगलं काम आधीच चालू असेल तर त्यात हात घाला. पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला येतात, तेव्हा वारकऱ्यांसाठी वैद्यकीय शिबिरं लागतात. आपले डॉक्टर, परिचारिका तिथे पाठवा. स्वतःचा बॅनर लागला नाही तरी चालेल. शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूचे आपण अनुयायी आहोत.

सेवा आणि सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश सांगणं) यांबाबत मोघम राहणं

पुण्याला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. 1893 मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो असा वाद पेटला, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची तळमळ खरी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तेव्हाचा संशय आजही हवेत आहे, हे विसरून चालणार नाही. मदतीला कसलीही अट नाही, हे आधीच तोंडी सांगा आणि फळ्यावरही लिहा. शिकवणीत बायबलचा पाठ घुसवू नका. मूल संडेस्कूलला येतो म्हणालं, तर आधी आईवडिलांना विचारा. आपण कोण आहोत हे मात्र लपवू नका. "तुम्ही हे का करता?" असं कुणी विचारलं, तर ख्रिस्ताचं नाव घेऊन मनापासून उत्तर द्या. अर्धवट उत्तरानेच संशय वाढतो.

काळ बदलला म्हणजे गिटार आणि इंग्रजी, असं समजणं

गिटारला माझा विरोध नाही. पण मराठी उपासना बंद करून इंग्रजी सुरू केली की तरुण येतील, हा हिशेब आमच्याकडे चुकला. आजी-आजोबा दुरावले आणि तरुणही आले नाहीत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन हाती धरलं, कारण ते लोकांच्या कानात आधीपासून होतं. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो, पण त्यांच्यासारखी दारं उघडी ठेवण्याची हिंमत फारशी घेत नाही.

आपल्या बोलीकडेही कान द्या. तारण, अभिषेक, पाचारण हे शब्द नवख्या माणसाला कळत नाहीत. प्रवचनात एकदा थांबून साध्या मराठीत अर्थ सांगितला तर काही बिघडत नाही.

सगळं पाळकसाहेबांवर (चर्चच्या धर्मगुरूंवर) सोडणं

पाळकांची बदली होते आणि उपक्रम त्यांच्या सामानाबरोबर जातो. प्रत्येक कामाला मंडळीतली दोन माणसं नेमा. वार्षिक सभेत त्यासाठी वेगळी रक्कम मंजूर करून घ्या, थोडी असली तरी. डिसेंबरमध्ये ब्लँकेट वाटून वर्षभराचं काम उरकलं असं मानण्याची सवयही यानेच सुटते.

लोकांनीच आपल्याकडे यावं, अशी वाट पाहणं

जालना, अहिल्यानगर, विदर्भातून आलेली आपली मुलं हिंजवडी-वाकडला पीजीत राहतात. रात्रपाळी करून आलेल्या मुलीने कॅम्पातल्या सकाळच्या उपासनेला कसं यावं? आम्ही बुधवारी रात्री वाकडला एका सदस्याच्या फ्लॅटवर जमू लागलो. जेवण, गप्पा, एक गीत, प्रार्थना. मुलं आपल्या बिगरख्रिस्ती रूममेटनाही आणतात. कधी अकरा जण असतात, कधी तिघंच. शिफ्ट बदलली की सगळं विस्कटतं. सध्या बुधवारऐवजी शनिवारची रात्र करून पाहतो आहोत.